सांधेदुखी आणि नवी नोकरी
(नभोवाणीवरील भाषण)



नव्या नोकरीचा हुकूम हातीं पडला म्हणजे घरांत आनंद होतो. देवापुढें साखर ठेवली जाते, शेजारींपाजारीं पेढे जातात, आणि वडील माणसें "वेळेवर जात जा, मन लावून काम कर" असा उपदेश करितात. परंतु ज्याचे सांधे सकाळीं धड वळत नाहींत, ज्याला चहाचा पेला दोन्ही हातांनीं धरावा लागतो, त्याच्या मनांत त्याच वेळीं निराळाच हिशेब चाललेला असतो. वेळेच्या आंत कचेरी गाठतां येईल काय? एस्. टी.च्या पायऱ्या चढतां येतील काय? दुखणें सांगितलें तर नोकरी राहील काय, आणि न सांगितलें तर तें किती दिवस झांकून राहील?

माण-खटावच्या किंवा जतच्या खेड्यांतून सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज-कुपवाड या बाजूंना नोकरीसाठीं येणाऱ्या तरुण माणसांपुढें हा प्रश्न उभा राहतो, तेव्हां त्यांना बहुधा दोनच वाटा दिसतात. एक, नोकरी नाकारून घरीं बसणें. दुसरी, दुखणें लपवून दांत-ओठ खात काम करणें. माझें आजचें सांगणें एवढेंच आहे कीं, या दोन्ही वाटा चुकीच्या असून त्यांच्यामधून जाणारी एक तिसरी वाट आहे. काम सोडण्यापूर्वीं कामाची वेळ, कामाचें हत्यार आणि कामाची बैठक या तीन गोष्टी बदलून पाहाव्या, आणि त्या बदलावयास मिळाव्या म्हणून योग्य माणसापाशीं योग्य वेळीं तोंड उघडावें.

प्रथम रोगाची ओळख करून घेऊं. आपण सर्वच दुखण्यांना 'वात' म्हणून मोकळे होतों. परंतु सांधेदुखी ही एक नव्हे. वयपरत्वें किंवा अतिश्रमानें सांध्यांतील कूर्चा झिजते, तो एक प्रकार. गुडघ्यांत तो विशेष दिसतो. दुसरा प्रकार आमवाताचा. यांत शरीराचें रक्षण करणारी शक्तीच वाट चुकते आणि सांध्यांच्या आंतील नाजूक अस्तरावर चालून जाते. हाताचीं बोटें, मनगटें, पायाचे चवडे हीं दोन्ही बाजूंनीं सारखींच सुजतात. माधवकराच्या 'माधवनिदान' या हजार वर्षांहून जुन्या ग्रंथांत आमवाताचें स्वतंत्र वर्णन आहे. आधुनिक वैद्यकांतील रोग आणि ग्रंथांतील रोग तंतोतंत एकच असें म्हणतां येत नसलें, तरी हें दुखणें आपल्याकडे नवें नाहीं हें त्यावरून उघड होतें. तिसरा प्रकार पाठीच्या कण्याचा. तो बहुधा तरुण पुरुषांना विशीं-तिशींत गांठतो, आणि त्याचें लक्षण असें कीं, विश्रांतीनें तो वाढतो व हालचालीनें उतरतो. याशिवाय २००६ सालीं महाराष्ट्रांत चिकुनगुन्याची सांथ आली, तेव्हां ताप गेल्यावरही महिनोन् महिने पुष्कळांचे सांधे धरून राहिले होते, हें अनेकांस स्मरत असेल.

हें दुखणें म्हाताऱ्यांचें, असा जो समज आहे तोच तरुण रोग्याचा मोठा शत्रु आहे. पुणें जिल्ह्यांतील भिगवण येथें १९९६ सालीं घरोघर जाऊन पाहणी करण्यांत आली. तींत दर १०० प्रौढ माणसांपैकीं सुमारें १८ जणांस सांध्यांची किंवा स्नायूंची कांहीं ना कांहीं तक्रार होती, आणि दर २०० मध्यें सुमारें एकास आमवात होता. आमवात हा पुरुषांपेक्षां स्त्रियांत दुपटी-तिपटीनें अधिक आढळतो, आणि पुष्कळदां तो तीस ते पन्नास या वयांत, म्हणजे ऐन कामाच्या दिवसांत सुरू होतो. तेव्हां "या वयांत कसले सांधे दुखतात?" असें म्हणणारा वरिष्ठ दुष्ट असतो असें नाहीं, त्याला माहिती नसते इतकेंच.

आतां नोकरीच्या दृष्टीनें या रोगाचें सर्वांत महत्त्वाचें लक्षण पाहूं. तें म्हणजे सकाळची ताठरता. झिजेच्या संधिवातांत उठल्यावर सांधे धरलेले असतात, पण तें सहसा अर्ध्या तासांत सुटतें. आमवातांत मात्र ही ताठरता तासभर, कधीं त्याहूनही अधिक टिकते. रात्रीं शरीर निश्चल असतें, सुजलेल्या सांध्यांत पाणी सांठतें, आणि दाह वाढविणारीं द्रव्यें पहांटेच्या सुमारास रक्तांत जोर करितात. म्हणून जो माणूस सकाळीं आठ वाजतां शर्टाची गुंडी लावूं शकत नाहीं, तोच अकरा वाजतां लेखणी सफाईनें चालवितो. पाहणाऱ्याला हें ढोंग वाटतें. वस्तुतः तो रोगाचा स्वभाव आहे. दुसरें लक्षण थकव्याचें. हा थकवा आळसाचा नव्हे. अंगांत बारीक ताप असतांना जसें गळून गेल्यासारखें वाटतें, तसा तो असतो, आणि दुपारीं तीन-चारच्या सुमारास तो विशेष जाणवतो. आपल्या कचेऱ्या आणि कारखाने नेमके सकाळीं घाई करितात आणि संध्याकाळीं हिशेब मागतात. रोगाचें घड्याळ आणि कचेरीचें घड्याळ यांचा मेळ बसत नाहीं, आणि नव्या नोकरीची अर्धी अडचण एवढ्यांतच आहे.

उपचारांविषयीं थोडें बोललें पाहिजे, कारण उपचाराशिवाय बाकीचा सर्व उपदेश फोल आहे. आमवातांत पहिल्या कांहीं महिन्यांत योग्य औषध सुरू झालें तर सांध्यांची वांकडी वाढ पुष्कळ अंशीं टाळतां येते. एकदां हाड खाल्लें गेलें म्हणजे तें परत येत नाहीं. आज मुख्य औषध म्हणून मेथोट्रेक्झेट दिलें जातें. या औषधाविषयीं एक गोष्ट प्रत्येकानें भिंतीवर लिहून ठेवावी: तें आठवड्यांतून एकाच दिवशीं घ्यावयाचें असतें, रोज नव्हे. चुकून रोज घेतल्यानें प्राणावर बेतूं शकतें. त्याच्या जोडीला फॉलिक ॲसिडची गोळी असते, ठराविक मुदतीनें रक्त तपासावें लागतें, मद्य वर्ज्य करावें लागतें, आणि गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रीनें तसें डॉक्टरांना आधींच सांगावें लागतें. त्याचा गुण यावयास सहा ते बारा आठवडे लागतात. म्हणून औषध नुकतेंच सुरू झालें असेल तर पहिल्या दोन महिन्यांतील आपल्या शक्तीवरून "मला हें काम जमणार नाहीं" असा निकाल देऊं नये. निकालाची तारीख पुढें ढकलावी. कांहींना गोळीच्या दुसऱ्या दिवशीं मळमळतें. अशांनीं डॉक्टरांना विचारून ती साप्ताहिक सुटीच्या आदल्या रात्रीं घ्यावी.

याच्या उलट बाजारांत मिळणाऱ्या बिननांवाच्या पुड्या. त्या घेतल्या कीं दोन दिवसांत माणूस पळूं लागतो, आणि म्हणूनच नवी नोकरी लागलेल्याला त्यांचा मोह पडतो. त्यांतील पुष्कळांत स्टेरॉइड मिसळलेलें असतें. १९४८ सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें डॉ. फिलिप हेंच यांनीं कॉर्टिझोन हें द्रव्य आमवाताच्या एका रोगी स्त्रीस प्रथम टोंचलें, तेव्हां थोड्याच दिवसांत ती हिंडूं-फिरूं लागली; १९५० सालीं हेंच व आणखी दोघे शास्त्रज्ञ यांस त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु तें द्रव्य दीर्घकाळ दिल्यानें हाडें ठिसूळ होतात, रक्तांतील साखर वाढते, आणि तें एकदम थांबविलें तर जीव धोक्यांत येतो, हेंही लौकरच दिसून आलें. डॉक्टरांच्या देखरेखीखालीं, मोजक्या मात्रेंत आणि मोजके दिवस तें उपयोगी पडतें. पुडींतून नकळत घेतलेलें घात करितें. आपल्या भागांत तर वैद्यकाची परंपरा जुनी आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांचें रुग्णालय मिरजेस १८९४ सालीं उभें राहिलें, आणि तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ सालचें आहे. पुड्यांच्या मागें लागण्याचें कारण निदान सांगली-मिरजेच्या परिसरांत तरी उरलेलें नाहीं.

आतां कामाकडे वळूं. शरीर आड आलें म्हणजे काय करावें, याचे दोन धडे मला दोन चित्रकारांच्या चरित्रांत सांपडतात. फ्रान्समधील विख्यात चित्रकार रन्वार यास आयुष्याचीं शेवटचीं पंचवीसएक वर्षें आमवात होता. बोटें आंत वळून गेलीं, पुढें चाकांच्या खुर्चीवर बसावें लागलें. तरी १९१९ सालीं मृत्यु येईपर्यंत तो रंगवीत राहिला. त्यानें काम बदललें नाहीं, हत्यार बदललें. तळहातास कापडाच्या पट्ट्या बांधून तो कुंचला धरी, आणि मोठें चित्र रुळांवर गुंडाळून पुढें-मागें सरकेल अशी त्यानें योजना केली होती, म्हणजे हात फार लांबवावा लागूं नये.

दुसरे चित्रकार आपल्याकडचे. किंबहुना चित्रकार होतां होतां राहिलेले. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत चित्रकला शिकावयास गेले, आणि तेथें त्यांना कळून आलें कीं कांहीं रंगांतील भेद आपल्या डोळ्यांना उमगत नाहीं. त्यांनीं रंग सोडले. पण रेघ सोडली नाहीं. यांत्रिक रेखाटन शिकून ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें त्या विषयाचे शिक्षक झाले, आणि पुढें १९१० सालीं औंध संस्थानांतील माळरानावर, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यांत, त्यांनीं किर्लोस्करवाडी वसविली. त्यांना सांधेदुखी नव्हती. परंतु धडा तोच. शरीरानें एक दार लावलें तर त्याच घराचें दुसरें दार शोधावें. घर सोडून जाऊं नये. हत्यार बदलून भागत असेल तर हत्यार बदला. न भागेल तर त्याच धंद्यांतील निराळी जागा मागा.

नोकरी पत्करण्यापूर्वीं पगाराच्या आंकड्याइतकीच चौकशी जागेची करावी. बसण्याचें ठिकाण कितव्या मजल्यावर आहे? सतत उभें राहावें लागेल काय? पाळी किती वाजतां सुरू होते? शौचकूप भारतीय बैठकीचें आहे कीं खुर्चीचें? हे प्रश्न क्षुद्र वाटतात. पण गुडघा धरलेल्या माणसाची नोकरी यांतील एखाद्या प्रश्नावरच टिकते किंवा मोडते. खोली भाड्यानें घ्यावयाची असेल तर तळमजल्याची आणि कामाच्या जवळची घ्यावी. भाडें थोडें अधिक पडलें तरी तें औषधाच्या खर्चांतच धरावें. साताऱ्याच्या पावसाळ्यांत ओल्या गारठ्यानें पुष्कळांचें दुखणें वाढल्यासारखें वाटतें. पावसानें रोग होत नाहीं, परंतु अंग उबदार ठेवल्यानें सांधे सुटण्यास मदत होते. म्हणून त्या दिवसांत गाडीच्या वेळेआधीं तासभर उठून कोमट पाण्यानें स्नान, हातापायांची सावकाश हालचाल आणि मग कपडे, असा क्रम ठेवावा. कपडे, डबा, कागद हें सर्व आदल्या रात्रींच तयार असावें. सकाळच्या हातांवर कमींत कमी काम पडावें हें सूत्र.

कामाच्या ठिकाणीं तीन नियम पाळावे. पहिला, लहान सांध्याचें ओझें मोठ्या सांध्यावर टाकावें. पिशवी बोटांत लटकवूं नये, कोपराच्या वळणांत किंवा खांद्यावर घ्यावी; दार बोटांनीं न ढकलतां खांद्यानें ढकलावें. दुसरा, मूठ घट्ट आवळूं नये. लेखणी बारीक असेल तर तिच्याभोंवतीं कापडाची किंवा रबराची जाड गुंडाळी करावी. हत्याराची मूठ जितकी जाड तितकी बोटांची ओढ कमी. तिसरा, एकाच बैठकींत अर्ध्या तासाहून अधिक राहूं नये. मिनिटभर उठावें, हात झटकावे, पुन्हा बसावें.

हे नियम आपल्या भागांतील धंद्यांना लावून पाहा. शाळेंतील शिक्षकाला फळ्यावर खांद्याच्या वर हात धरून लिहिण्याचा त्रास होतो. त्यानें मजकूर छापून वाटावा किंवा मुलांकडून फळ्यावर लिहवून घ्यावा. बँकेंतील कारकुनाला संगणकाची पाटी उंच पडत असेल तर खुर्ची वर घ्यावी आणि पायाखालीं फळी ठेवावी. आणि आतां तर मोबाईलवर मराठींत बोललेलें आपोआप लिहिलें जातें, त्याचा लाभ घ्यावा. तासगांवकडील द्राक्षबागेंत मणी विरळ करण्याच्या कामांत अंगठा आणि तर्जनी यांची चिमूट दिवसभर चालते. तेथें स्प्रिंगची कात्री, आणि तासातासानें हात बदलून निराळें काम, हा उपाय. सांगलीच्या हळदीच्या पेठेंत पोतीं उचलण्याचें काम आमवाताच्या रोग्याचें नव्हे. परंतु प्रत पारखणें, वजन मांडणें, पट्टी लिहिणें हीं कामें त्याच पेठेंत आहेत. आणि ज्यांचे गुडघे झिजले आहेत त्यांनीं हें लक्षांत ठेवावें कीं, अंगाचें वजन १ किलोनें उतरलें तर चालतांना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारें ४ किलोंनीं हलका होतो.

येथें घरच्या मंडळींना दोन शब्द सांगणें अवश्य आहे. पुरुष नोकरीला निघतो तो बहुधा नुकता उठून. स्त्री निघते ती पाणी भरून, कणीक मळून, भाकरी थापून आणि धुणें पिळून. या चार कामांइतकीं मनगटाला आणि बोटांना छळणारीं कामें क्वचितच असतील. म्हणजे कचेरींत पाऊल टाकण्यापूर्वींच तिच्या हातांची दिवसाची शक्ति खर्च झालेली असते, आणि मग दोष मात्र नोकरीला दिला जातो. "सुनबाई, झेपत नसेल तर सोडून दे" असें म्हणण्यापूर्वीं सासूबाईंनीं आणि नवऱ्यानें कणकेची परात आणि धुण्याची बादली आपल्याकडे घेऊन महिनाभर पाहावें. कित्येकदां झेपत नसतें तें घरचें काम असतें, नोकरी नव्हे.

आतां सर्वांत नाजूक प्रश्न: सांगावें कीं नाहीं? माझें मत असें कीं, सांगावें. पण रडगाणें म्हणून नव्हे, तर कामाची सूचना म्हणून. नेमणुकीच्या वैद्यकीय तपासणींत सहीनिशी माहिती विचारली असेल तेथें असत्य लिहूं नये. तें पुढें दुखण्यापेक्षां महाग पडतें. एरव्हीं नेमणूक ठरल्यावर, पहिल्या एक-दोन आठवड्यांत, आपल्या प्रत्यक्ष वरिष्ठांस एकांतीं भेटावें आणि तीन वाक्यांत विषय संपवावा: मला अमुक दुखणें आहे व त्यावर उपचार चालू आहेत, सकाळचा पहिला तास मला जड जातो, अर्धा तास उशिरां येऊन अर्धा तास उशिरां जाण्याची मुभा मिळाली तर माझें काम पुरें होईल. मागणी नेमकी असावी. "सांभाळून घ्या" या विनंतीला काय उत्तर द्यावें हें भल्या वरिष्ठालाही कळत नाहीं. "मला उंच खुर्ची हवी" या मागणीला उत्तर देतां येतें. डॉक्टरांचें पत्र जवळ असावें, आणि रक्ततपासणीचा महिन्याचा दिवस आधींच कळवून ठेवावा. सहकाऱ्यांना किती सांगावें हें ज्याचें त्यानें ठरवावें. पण निदान शेजारी बसणाऱ्याला माहीत असलेलें बरें.

कायदाही येथें कांहीं अंशीं पाठीशीं आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलांत आला. त्यांतील २१ प्रकारांच्या यादींत संधिवात हें नांव स्वतंत्रपणें नाहीं. परंतु रोगामुळें हालचालीस कायमचा अडथळा आला असेल तर चलनविषयक दिव्यांगत्वाखालीं त्याची मोजणी होऊं शकते. तें ४० टक्के किंवा अधिक ठरलें तर सरकारी नोकरींतील ४ टक्के राखीव जागांचा मार्ग मोकळा होतो. प्रमाणपत्रासाठीं शासकीय रुग्णालयांत तपासणी करून घ्यावी लागते. सरकारी आस्थापनांवर दिव्यांग नोकराला वाजवी सोय करून देण्याचें बंधन आहे, आणि नोकरींत असतांना दिव्यांगत्व आलें म्हणून त्यांना कोणास काढतां किंवा खालच्या हुद्द्यावर उतरवितां येत नाहीं. त्याच पगारावर दुसरें झेपणारें काम द्यावें लागतें. खासगी आस्थापनांनाही समान संधीचें धोरण जाहीर करावें लागतें. कामगार विमा योजना ज्यांना लागू आहे त्यांना वैद्यकीय उपचार नोकरीच्या आरंभापासून मिळतात. आजारपणाचा रोख भत्ता मात्र ठराविक दिवसांची वर्गणी भरल्यावरच मिळतो. म्हणून पहिल्या वर्षांत रजा जपून वापरावी आणि दोन-तीन महिन्यांच्या औषधापुरते पैसे निराळे ठेवावे.

शेवटीं मालकांना व अधिकाऱ्यांना एक विनंती. अर्ध्या तासाची सवलत, एक खुर्ची, तळमजल्यावरील एक टेबल, यांचा खर्च तो केवढा? शिकवून तयार केलेला माणूस गमावून नवा शोधण्याचा खर्च त्याहून खात्रीनें अधिक असतो. दुखणें असूनही जो वेळेवर येण्यासाठीं तासभर आधीं उठतो, त्याला नोकरीची किंमत इतरांहून थोडी अधिकच कळलेली असते.

आणि नव्या नोकरीस निघालेल्या माझ्या बंधुभगिनींनो, पहिले तीन महिने हे परीक्षेचे नसून जुळवणीचे आहेत असें समजा. औषध चुकवूं नका, पुडीला हात लावूं नका, तोंड बंद ठेवूं नका. एवढें करूनही एखादें काम झेपलें नाहीं, तर तें काम सोडावें. कामच सोडूं नये.